शून्यांचा रकाना : ऑगस्ट २०२३, सिन्नरचा पूर्व भाग

मामांच्या वहीत ऑगस्ट २०२३ चं पान सगळ्यात स्वच्छ आहे. बाकीच्या पानांवर खाडाखोड असते, चहाचे ओघळ असतात, ‘रात्री दोनला झोडपलं, सकाळी मोजलं’ असल्या टिपा असतात. या पानावर डावीकडे तारखा आणि उजवीकडे एकाखाली एक शून्य. सुरुवातीची शून्यं गोलगरगरीत आहेत. पंधरा ऑगस्टच्या सुमाराला ती चपटी होत जातात आणि पुढे नुसती आडवी रेघ उरते. मध्ये एकाच ठिकाणी ‘४’ लिहिलंय, त्यापुढे ‘धूळ बसली’.

वही शंभर पानी, किराणा दुकानातली. पर्जन्यमापक प्लास्टिकचा, हिरव्या नरसाळ्याचा, कुठल्याशा प्रशिक्षणात फुकट मिळालेला. गोठ्याच्या पत्र्यापासून लांब, मोकळ्या जागी एका खुंटावर बसवलाय. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान विभागाची मोजणीही साडेआठलाच होते, आणि आज साडेआठला मोजलेला पाऊस आजच्या तारखेला लागतो, मग तो काल संध्याकाळी का पडलेला असेना. हे मामांच्या गळी उतरवताना माझा एक अख्खा रविवार गेला होता. ‘‘काल पडला तो कालचाच ना रे?’’ त्यांचं चूक नव्हतं. पण सरकारी नोंदीशी वही जुळवायची तर तारीख जुळली पाहिजे.

मी नाशिकला असतो. मामांचं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्वेला, घाटाकडचा पाऊस जिथे पोचेपर्यंत दमतो त्या पट्ट्यात. त्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी हवामानाच्या नोंदी बघतो आणि सभासदांना व्हॉट्सॲपवर साध्या मराठीत निरोप पाठवतो. २०२३ च्या हंगामात माझा एक निरोप असा गेला, की त्यातली कुठलीच गोष्ट खोटी नव्हती आणि तरी त्याने नुकसान केलं. हे प्रकरण त्या निरोपाचं आहे.

एप्रिलचा आकडा

११ एप्रिल २०२३ ला हवामान विभागाने हंगामाचा पहिला अंदाज दिला. जून ते सप्टेंबर देशभरात दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस, पाच टक्के इकडेतिकडे. ही सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, ८७ सेंटीमीटर. आदल्याच दिवशी स्कायमेट या खासगी कंपनीने ९४ टक्के सांगितले होते. विभागाच्या भाषेत ९६ ते १०४ म्हणजे ‘सामान्य’. तेव्हा ९६ हा आकडा सामान्यच्या घरात असला तरी उंबरठ्यावर बसलेला होता. मथळ्यात उंबरठा मावत नाही. ‘यंदा पाऊस सामान्य’ एवढंच सगळीकडे छापून आलं.

त्याच पत्रकात खाली एक तक्ता होता. सामान्य पावसाची शक्यता ३५ टक्के. सामान्यहून कमी पावसाची २९, आणि ९० टक्क्यांच्याही आत, म्हणजे सरळ तुटीची, २२. शेवटच्या दोन्ही मिळून ५१. ज्या कागदावरून ‘सामान्य’चे मथळे निघाले, तोच कागद सांगत होता की सामान्यच्या खाली घसरण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त आहे. तक्ता मी पाहिला होता. निरोपात घातला नाही. पाच ओळींचा शक्यतांचा तक्ता मोबाइलवर कोण वाचणार, असं मला वाटलं. आपण लोकांना फार कमी लेखतो, त्यातलाच हा प्रकार. जो माणूस बाजारभाव, आवक, गाडीभाडं आणि हमालीचा हिशेब तोंडी करतो त्याला ‘शंभरातल्या एक्कावन्न वेळा’ कळलं नसतं?

खाली खेचणारी गोष्ट सगळ्यांना दिसत होती. पॅसिफिक महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी तापायला लागलं होतं. अमेरिकेच्या हवामान संस्थेने ८ जूनला एल निनो आल्याचं जाहीरच केलं. पण एल निनो म्हणजे दुष्काळ असं समीकरण नाही. १९५१ पासूनच्या १५ एल निनो वर्षांपैकी सहा वर्षांत पाऊस सामान्य किंवा त्याहून जास्त झालाय. १९९७ चा एल निनो शतकातल्या मोठ्यांपैकी एक होता आणि त्या वर्षी भारतात सरासरीपेक्षा थोडा जास्तच पाऊस पडला.

पावसाचा हंगामी अंदाज हे तसं आपल्या घरचंच काम आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या चौकाला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. त्याआधी १८८० च्या दशकात हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयावरच्या बर्फावरून पावसाचा अदमास बांधायचे. मग गिल्बर्ट वॉकर आले, जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले आणि पॅसिफिकमधला दाबाचा झोपाळा शोधून काढला. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने सोळा घटकांचं प्रसिद्ध प्रारूप वापरात आलं. दहा-बारा वर्षं ते चांगलं चाललं. २००२ मध्ये त्याने १०१ टक्के सांगितलं, पाऊस झाला ८१ टक्के. त्या वर्षीचा जुलै देशभर जवळजवळ निम्मा कोरडा गेला होता. संपूर्ण हंगाम एका महिन्याने बुडवला आणि सोळापैकी एकाही घटकात त्या महिन्याची चाहूल नव्हती. २००२ ची ही गोष्ट मला पाठ होती. ती पाठ असूनही २०२३ मध्ये मी हंगामाचाच आकडा धरून बसलो.

मृग कोरडा

२६ मेच्या सुधारित अंदाजात ९६ टक्के कायम राहिले, अंदाज चुकण्याची मर्यादा पाचावरून चारवर आली. केरळात मान्सून ४ जूनला, चार दिवस पुढेमागे, असं सांगितलं होतं. तो आला ८ जूनला, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. केरळातल्या आगमनाची घोषणा कुणाच्या मनावर होत नाही. मिनिकॉयपासून मंगळुरूपर्यंत १४ ठरलेली केंद्रं आहेत. त्यांतल्या ६० टक्के केंद्रांवर लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस हवा, शिवाय पश्चिमी वाऱ्यांची खोली आणि ढगांची दाटी यांच्याही अटी आहेत. एवढं काटेकोर मोजून जाहीर झालेला मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच रुसून बसला.

कारण अरबी समुद्रातलं बिपरजॉय चक्रीवादळ. ६ जूनला ते तयार झालं, रेंगाळत उत्तरेला सरकलं आणि १५ च्या संध्याकाळी कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ धडकलं. एवढे दिवस टिकलेलं वादळ आजूबाजूची ओल आपल्याकडे ओढून घेतं. मृग नक्षत्र सरलं, पालख्या उन्हात चालल्या. मग २५ जूनला मान्सून मुंबई आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला. असं याआधी २१ जून १९६१ ला झालं होतं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून, दिल्लीची २७. म्हणजे एकीकडे दोन आठवडे उशीर, दुसरीकडे दोन दिवस लवकर, आणि २ जुलैला देश व्यापला तेव्हा कागदोपत्री मान्सून सहा दिवस ‘वेळेआधी’ होता.

मामांनी आर्द्राच्या एका सरीवर पेरायचा मोह टाळला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. मामांचं माप वेगळं आहे. ते रानात वीतभर उकरून मातीचा मुटका वळतात. मुटका फुटला तर थांबायचं. तो वळला पुनर्वसूत, ज्याला आमच्याकडे तरणा पाऊस म्हणतात. ८ जुलैला सोयाबीन पेरलं. उशीर झाला होता, पण उगवण छान झाली. दुबार पेरणीची वेळ शेजाऱ्यांवर आली, मामांवर नाही, याचा त्यांना दहा-बारा दिवस चांगलाच तोरा होता.

जुलै देशात ११३ टक्के बरसला. १९ जुलैच्या रात्री रायगडमध्ये इर्शाळवाडीवर डोंगर खचला. त्याच आठवड्यात मामांच्या वहीत ३, ०, ६, २ अशी भुरभुर होती. सरळ रेषेत पाहिलं तर ही दोन ठिकाणं काही फार लांब नाहीत. मध्ये सह्याद्री आहे एवढंच.

३१ जुलैचा निरोप

आता मुद्द्यावर येतो. ३१ जुलैला हवामान विभागाने उरलेल्या हंगामाचा अंदाज दिला. त्यात दोन वाक्यं होती. पहिलं : ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून देशात पाऊस सामान्य, म्हणजे दोन महिन्यांच्या पट्टीने ९४ ते १०६ टक्के, त्यातही खालच्या अंगाला. दुसरं : ऑगस्टमध्ये पाऊस सामान्यपेक्षा कमी, ९४ टक्क्यांच्या आत.

माझा निरोप असा गेला : ‘ऑगस्ट-सप्टेंबर मिळून पाऊस सामान्य राहण्याचा अंदाज. ऑगस्टमध्ये थोडा कमी.’

‘थोडा’ हा शब्द माझा. पत्रकात तो नव्हता. ९४ टक्क्यांच्या आत म्हणजे ९३ सुद्धा आणि ६३ सुद्धा. खाली तळ दिलेलाच नव्हता. मला वाक्य कोरडं वाटलं, घाबरवणारं वाटलं, म्हणून मी त्यावर तूप ओतलं.

मामांच्या विहिरीत तेव्हा दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढं, पाणी होतं. पोळ कांद्याचं, म्हणजे खरिपातल्या लाल कांद्याचं, रोप तयार होतं. ‘सामान्य’ वाचून त्यांनी ठरवलं की सोयाबीनला वरचा पाऊस पुरेल आणि विहीर कांद्याला लावावी. त्यांचा हिशेब सरळ होता : सोयाबीन पावसावर, कांदा पाण्यावर. ४ ऑगस्टपासून त्यांनी अर्ध्या एकरात कांदा लावायला घेतला.

आणि त्याच आठवड्यात पाऊस गेला.

पाऊस ‘जातो’ म्हणजे कुठे जातो, हे एकदा नीट बघण्यासारखं आहे. चांगल्या मान्सूनमध्ये कमी दाबाचा लांबट पट्टा राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत पसरलेला असतो. यालाच मान्सूनचा आस म्हणतात. उपसागरात तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रं या पट्ट्यावरून आगगाडीसारखी पश्चिमेला येतात, आणि ती आली की अरबी समुद्राचे वारेही जोर धरतात. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, नाशिकचा पूर्व भाग यांना पाऊस मिळतो तो बहुतेक या गाडीच्या येण्याजाण्यावर. ऑगस्ट २०२३ मध्ये आस उचलून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला. गाडीचा रूळच उखडला. पायथ्याशी मात्र पाण्याचा कहर झाला. १४ ऑगस्टला शिमल्यात दरड कोसळून एक शिवमंदिर भाविकांसकट गाडलं गेलं. विषुववृत्तावर पूर्वेकडे सरकत जाणारा ढगांचा मोठा पट्टा दर महिना-दीड महिन्याने आपल्या बाजूला हात देऊन जातो, तोही त्या वेळी लांब होता. वर एल निनो. सगळ्यांनी मिळून एकच महिना निवडला.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. १७ ऑगस्टला निज श्रावण लागला आणि त्याच सुमाराला सूर्य मघा नक्षत्रात गेला. ‘पडल्या तर मघा, नाहीतर ढगाकडं बघा,’ असं आमच्याकडे म्हणतात. ढग होते, हीच गंमत. सकाळी आभाळ भरून यायचं, दुपारी वारा सुटायचा, संध्याकाळी लख्ख. वहीतला तो ‘४’ याच दिवसांतला. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर, तेव्हा चार मिलिमीटर म्हणजे सोळा हजार लिटर पाणी पडलं. ऐकायला टँकरवर टँकर वाटतात. पण उभं सोयाबीन तसल्या उन्हात दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज पितं. एका दिवसाची न्याहारी झाली.

८ जुलैचं सोयाबीन ऑगस्टच्या मध्यावर फुलात आलं. पिकाला पाण्याची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते. विहिरीचं पाणी कांद्याने तोवर अर्ध्याहून खाली आणलं होतं. मी २० ऑगस्टला गावी गेलो तेव्हा मामा तासाच्या कडेला बसले होते. त्यांनी एक झाड हलवलं. वाळली फुलं चिवड्यातल्या पोह्यांसारखी खाली पडली. ते मला काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मामींना म्हणाले, ‘‘भाचेराव म्हनले व्हते थोडा कमी. थोडाच कमी हाये. सगळाच नाही.’’

देशाचा हिशेब महिनाअखेरीला आला. ऑगस्टचा नेहमीचा पाऊस २५४.९ मिलिमीटर, झाला १६२.७. छत्तीस टक्के तूट. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट नाही. याआधीचा नीचांक २००५ चा होता, १९१.२ मिलिमीटर, आणि नवा विक्रम त्याहून अठ्ठावीस मिलिमीटर खाली.

एकवीस दिवस

गावात या काळात एकच मोजणी चालू होती. त्याच खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता आणि पावसात मोठा खंड पडला तर ‘हंगामातील प्रतिकूल परिस्थिती’ या कलमाखाली नुकसानभरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ मिळण्याची सोय होती. पारावर चालायचा तो हिशेब असा : महसूल मंडळात सलग २१ दिवस पाऊस नाही, आणि ‘नाही’ म्हणजे दिवसाला अडीच मिलिमीटरच्या आत. एकविसाव्या दिवसाची वाट लोक बारशासारखी बघत होते. ज्या माणसाला पाऊस हवाय त्याने आज पडू नये म्हणून आभाळाकडे बघावं, हे मी तिथे पाहिलं.

मंडळाचं स्वयंचलित केंद्र मामांच्या शेतापासून नऊ किलोमीटरवर. सतराव्या की अठराव्या दिवशी त्या केंद्रावर रात्री एक शिंतोडा पडला, अडीचच्या वर. मोजणी पुन्हा एकपासून. मामांच्या मापकात त्या सकाळी शून्य. वही घेऊन ते तालुक्याला गेले. तिथल्या माणसाने वही बघितली, कौतुक केलं आणि सांगितलं की खासगी नोंद ग्राह्य नाही. नियमाने त्याचं बरोबर होतं. केंद्रही खोटं नव्हतं. तिथे पाऊस खरंच पडला असेल. ऑगस्टमधली सर बैलाचं एक शिंग भिजवते, दुसरं नाही, असं म्हणतात. नऊ किलोमीटरमध्ये बैलांचे कळप मावतात.

आणि हे कमी होतं म्हणून १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. पाऊस ओढ देतोय, खरिपाचा कांदा घटणार, भाव भडकणार, ही भीती दिल्लीतही पोचली होती. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. मामांचा उन्हाळ कांदा चाळीत, लाल कांदा रानात, सोयाबीन वाळलेलं. पावसाचे आकडे मोजण्यात दिल्लीने हयगय केली नव्हती. त्यातून निघालेला निर्णय मात्र ज्याच्या शेतात पाऊस नव्हता त्याच्याच अंगावर आला.

चौऱ्याण्णव

सप्टेंबर बरा गेला. हिंदी महासागराच्या पश्चिमेचं पाणी पूर्वेपेक्षा गरम झालं होतं आणि त्याने एल निनोला थोडा शह दिला, उपसागरातल्या गाड्याही पुन्हा सुरू झाल्या. दहीहंडीच्या पुढेमागे आमच्याकडे चांगला पाऊस झाला. पोळ्याला बैल धुवायला ओढ्यात पाणी होतं. सप्टेंबर देशात ११३ टक्के. २३ तारखेच्या पहाटे नागपुरात तर चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पडला आणि अर्धं शहर पाण्यात गेलं. मामांच्या सोयाबीनला त्याचा उपयोग एवढाच, की पोचट शेंगा ओल्या झाल्या.

३० सप्टेंबरला हंगाम मिटला : ८६८.६ च्या जागी ८२० मिलिमीटर. ९४ टक्के. अंदाज होता ९६, चार इकडेतिकडे. म्हणजे अंदाज बरोबर. स्कायमेटचा तर तंतोतंत.

हा ९४ मी पुष्कळ दिवस उलटापालटा करून पाहिला. महिन्यांनी फोडला तर ९१, ११३, ६४, ११३. चारांपैकी एकही ९४ च्या जवळचा म्हणावा तर जून, आणि त्याच जूनमध्ये मृग कोरडा गेला होता. प्रदेशांनी फोडला तर आणखी मजा. मेमध्ये वायव्य भारतात सामान्यहून कमी, ९२ टक्क्यांच्या आत, असं सांगितलं होतं, झाला १०१. ईशान्येला सामान्य सांगितलं होतं, झाला ८२. एक चूक वर, एक चूक खाली, बेरीज बरोबर. ३१ जुलैच्या अंदाजाचंही तसंच. ऑगस्ट कमी, हे वाक्य खरं ठरलं. ऑगस्ट-सप्टेंबर मिळून सामान्य, हे वाक्य मात्र नाही : दोन्ही महिन्यांची बेरीज मांडली तर ती सरासरीच्या ८३ टक्क्यांच्या घरात येते. आणि मी नेमकं हेच वाक्य ठळक केलं होतं.

हवामान विभागाच्या नकाशात उपविभागाचा पाऊस सरासरीच्या १९ टक्के वर किंवा १९ टक्के खाली असला तरी रंग सामान्यचाच राहतो. त्यामुळे हंगामअखेर मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा दोन्ही ‘सामान्य’. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात सिन्नर होतं, येवला, मालेगाव होतं, अंबड, बदनापूर, बार्शी, करमाळा होतं. दहा दिवसांनी आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य झाली. त्याच सुमाराला, जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली राहिला म्हणून नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी खाली सोडायचा आदेश निघाला आणि नदीच्या वरचे विरुद्ध खालचे हे जुनं भांडण पुन्हा पेटलं. एकच वर्ष, एकच पाऊस. नकाशात सामान्य, तहसीलमध्ये दुष्काळ. यात लबाडी कुणाची नाही. नकाशा मिलिमीटरची बेरीज मोजतो, दुष्काळाचे निकष खंड, जमिनीतली ओल आणि पिकाची अवस्था बघतात. मी बेरीज पाठवत राहिलो आणि शेत खंडावर मरत होतं.

नंतर

आता मी हंगामाची टक्केवारी पाठवतच नाही असं नाही. लोकांना ती हवी असते, बातम्यांत येतेच. पण तिच्याबरोबर शक्यतांचा तक्ता जातो, शंभर वर्षांतल्या किती वेळा या भाषेत. विशेषणं काढून टाकली. ‘थोडा’, ‘बऱ्यापैकी’, ‘समाधानकारक’ हे शब्द मी स्वतःला बंद केलेत. खरं काम गुरुवारी असतं. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचे नकाशे काढतो. ज्या प्रारूपावर ते निघतात त्याच्या उभारणीत पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा मोठा वाटा आहे. ऑगस्ट २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या नकाशांत आपला भाग तुटीच्या रंगात होता. ते बघून मामांना फोन केला असता तर विहिरीतलं उरलेलं पाणी फुलातल्या सोयाबीनला निदान एकदा देता आलं असतं. एक पाणी. सगळं पीक वाचलं नसतं, पण झाडावर काहीतरी राहिलं असतं.

गावपातळीवर हे समजावून सांगणारी माणसंही कमी झाली. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हानिहाय कृषी-हवामान सल्ला देणारे १९९ कक्ष देशभर होते, ते २०२४ च्या सुरुवातीला बंद झाले. मोबाइलवर अंदाज मिळतो, मुबलक मिळतो. कांद्याला पाणी द्यावं की सोयाबीनला, हे विचारायला समोर माणूस लागतो.

मामांनी वहीत दुसरा रकाना आखलाय : ‘शेवटच्या पावसापासून दिवस’. अडीच मिलिमीटरच्या वर पडलं की तो शून्य होतो, नाहीतर एकेक वाढत जातो. सात झाले की ते विहिरीत दोर सोडून पाणी मोजतात. दहा झाले की मला फोन.

तिसरा रकानाही आहे, ‘अंदाज’ या नावाचा, आणि त्यावरून आमचं वाजतं. गुरुवारच्या नकाशांतले पहिले दोन आठवडे मी त्यांना कळवतो. तिसरा-चौथा आठवडा कळवत नाही, कारण तिथे भरवसा फार घसरतो. मामा म्हणतात, सगळं पाठव, चुकलं तर चुकलं, मी लिहून ठेवीन आणि वर्षाच्या शेवटी बघू किती वेळा चुकलं. मी म्हणतो, तुम्ही लिहून ठेवाल, बाकीचे त्यावर पेरतील. ते म्हणतात, ‘‘म्हंजे पुन्हा तूच ठरवनार आमाला काय झेपतं ते.’’

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. त्या रकान्यातल्या चारपैकी दोन चौकटी दर आठवड्याला कोऱ्या राहतात.